एक दाता

आण्णांच्या पद्मिनी गाडीचं स्टेअरिंग बदलायचं मी जाहीर केलं, तेव्हा आई ओट्यावर बसून गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हाताऱ्या बैलाची शिंगं रंगवली म्हणून तो बारीत पळतो का?" जुन्नर-आंबेगावात कुठलाही विषय चौथ्या वाक्याला बैलगाडा शर्यतीच्या घाटावर येतो. आईने तो पहिल्यालाच आणला.

तसं कारण होतं. जुनं स्टेअरिंग उन्हाने तडकलं होतं आणि उन्हाळ्यात हाताला चिकटायचं. गाडी 1980 ची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. इंजिन 1089 सीसी, गिअरचा दांडा स्टेअरिंगच्याच खाली, आणि पुढे सलग बाक. त्या बाकावर आम्ही भावंडं तिघं आणि टोमॅटोचं एक क्रेट मावायचो. नवं चाक मी पुण्याहून आणलं. चौदा इंची, काळं चामडं, मधे भोकं पाडलेले तीन चकचकीत आरे. खरं कारण ते आरे होते. चिकटपणा ही सबब.

आणलं, पण बसेना. अशा चाकांचं भोक गाडीच्या दांड्यावर थेट बसत नाही. मधे 'बॉस' नावाचा धातूचा तुकडा लागतो, ज्याला आतून गाडीच्या दांड्याचे दाते आणि बाहेरून चाकाचे स्क्रू जुळतात. पद्मिनीचा बॉस मिळेपर्यंत चाक दोन महिने दिवाणावर पडून होतं. येणारा प्रत्येक पाहुणा ते हातात घेऊन एकदा वळवून बघायचा आणि तोंडाने आवाज काढायचा. वयाची अट नव्हती.

शेवटी मंचरचे एक मिस्त्री तयार झाले. त्यांनी आधी बॅटरीची वायर सोडली, हॉर्नचं बटण उचकटलं, मधला नट सैल केला, पण पूर्ण काढला नाही. "दोन आटे राहू द्यायचे, सर. नाहीतर पुलर लावल्यावर चाक सुटतं ते थेट दातावर." मग पुढची चाकं सरळ करून त्यांनी दांड्यावर आणि जुन्या स्टेअरिंगवर खडूची एक रेघ ओढली. पुलर आवळत गेले. फट्‌ असा आवाज झाला आणि चाळीसेक वर्षांची बैठक मोडली.

ते चहा सांगायला गेले, तेवढ्यात माझ्यातला स्वच्छताप्रेमी जागा झाला. दांड्यावर केवढं ग्रीस साचलं होतं! मी फडक्याने सगळं लख्ख पुसलं. रेघेसकट.

मिस्त्री काही बोलले नाहीत. फक्त चहा एका घोटात संपवला आणि अंदाजाने बॉस बसवला.

गाडी बाजूला घेताना कळलं की पूर्वीचे लोक मोठं चाक हौसेने ठेवत नव्हते. या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही. चाकाचा घेर हीच पॉवर. विहिरीच्या रहाटाची दांडी आखूड केली तर पोहरा हलका होत नाही, ओढणारा जड होतो, हे मला शाळेत शिकवलं होतं. मी पुढे मुलांनाही शिकवलं. मंचरच्या बाजारात मागेपुढे करताना ते तत्त्व खांद्यातून कमरेपर्यंत उतरलं. गाडी पळायला लागली की हलकं होतं, पण बाजारात पळणार कुठे?

शिवाय गिअरचा दांडा आता चाकाच्या बाहेर बोटभर डोकावतो आणि वळताना मनगटावर टिचकी मारतो. हॉर्नची वायर कुठेतरी सोलली असावी. डावीकडे पूर्ण वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा. कळंबपासून नारायणगावपर्यंत लोकांना वाटलं वरात येतेय. ते मी दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी लावून मिटवलं. परवा खोडदच्या रस्त्याने जाताना जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या हळूच एका बाजूला वळताना दिसल्या. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या त्या, तीसच्या तीस बटणावर वळतात, आणि मी चौदा इंचांशी कुस्ती खेळतोय!

एक मित्र म्हणाला, आता हिला विंटेज म्हणून नोंदव. सरकारच्या 2021 च्या नियमाने त्याला पन्नास वर्षं पुरी हवीत आणि गाडी मूळ रूपात राखलेली हवी. गाडी पहिल्या अटीत नापास. मी वयाने केव्हाच पास आहे, पण दोन दाढा आणि उजवा गुडघा पाहता मूळ रूपाचं माझंही कठीणच.

खरी गंमत सरळ रस्त्यावर आहे. गाडी सरळ जाते तेव्हा आरे डावीकडे कललेले असतात, बरोबर एका दात्याने. डोळ्याला खुपतं म्हणून हात आपसूक चाक सरळ करतो, आणि गाडी उजवीकडे, समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॉलीकडे निघते. त्यामुळे मी मानच थोडी कलती ठेवून गाडी चालवतो. आता आरे सरळ दिसतात. मिस्त्री म्हणतात, "या एकदा, दहा मिनिटांचं काम आहे." जाईन. पण घाटातला गाडा आठवतो. त्याच्यावर बसून हाकणारा कोणी नसतो, पुढे घोडी पळते आणि बैल तिच्या मागे सरळ रेषेत चढून जातात.

जुनं स्टेअरिंग आईने परसात नेऊन दोडक्याच्या मांडवाला सुतळीने बांधलंय. भेगांमधून वेलाचे ताणे गेलेत. हॉर्नच्या भोकातून परवापासून एक दोडका लोंबायला लागलाय.