दफ्तरदार

सॉफ्टवेअर जन्मास आले की पाठोपाठ त्याची माहितीपुस्तिका जन्मास येते. पुढे त्या सॉफ्टवेअरला आवृत्त्यांवर आवृत्त्या फुटतात, विंडोज, मॅक आणि लिनक्स ही तीन संस्थाने आपापले कायदे चालवू लागतात, आणि या सर्वांचे दफ्तर राखण्यासाठी हिंजवडी-खराडीच्या काचेच्या इमारतींतून जो एक सावध, सोशिक व किंचित संशयी मनुष्य नेमला जातो, त्याला पगारपत्रकावर ‘टेक्निकल रायटर’ म्हणत असले तरी तरुण सहकारी माघारी ‘दफ्तरदार’च म्हणतात.

दफ्तरदारांना सरळ प्रश्न विचारण्याची सोय नाही. ‘कागद आडवा कसा छापायचा?’ एवढीच कोणी पृच्छा केली, तरी ते चष्मा वर सरकवून आधी रुजवात घेतात : यंत्र कोणते, आवृत्ती कोणती, आणि मध्यंतरी कोणी काही अपडेट केले काय? घरीही हाच शिरस्ता. पत्नीने साखरेचा डबा कुठे म्हणून विचारले, की ‘दिवाळीपूर्वीच्या मांडणीत वरच्या फळीवर, सांप्रतच्या मांडणीत ओट्याखाली, आणि काल तुझ्या आईंनी आवरले असेल तर ती मांडणी माझ्या अखत्यारीत नाही,’ असे उत्तर येते.

हा संशय निराधार मात्र नव्हे. विंडोजने २०१२ साली आठव्या आवृत्तीत स्टार्टचे बटण काढून टाकले, वर्षभराने ८.१ मध्ये ते परत आणून ठेवले, आणि पुढे नऊ हा आकडाच गाळून एकदम दहावर उडी घेतली, मॅकने २०२२ साली ‘सिस्टिम प्रेफरन्सेस’चे ‘सिस्टिम सेटिंग्ज’ असे नामकरण केले, लिबरऑफिसची ७.६ ही आवृत्ती निघाल्यावर २०२४ च्या जानेवारीत २४.२ अवतरली. ज्याची हयात ‘अमुक मेनूवर क्लिक करा’ हे वाक्य खरे ठेवण्यात गेली, त्याने जगावर विश्वास ठेवावा तरी कसा?

लिबरऑफिसच्या पुस्तिकांविषयी मात्र त्यांच्या मनात नितांत आदर आहे. स्वयंसेवकांनी सिद्ध केलेल्या त्या ग्रंथांच्या प्रास्ताविकात एक छोटा तक्ता असतो : विंडोज-लिनक्सवरचा कंट्रोल तो मॅकवरचा कमांड, तिकडे एफ-११ दाबून उघडणारी स्टाइल्सची चौकट इकडे कमांड-टीने उघडते, इत्यादी. तीन राज्यांचा तह अर्ध्या पानात! पूर्वी दफ्तरदारांच्या कचेरीत प्रत्येक आवृत्तीसाठी पुस्तिकेची सबंध नक्कल काढीत, आणि एकीत केलेली दुरुस्ती दुसरीत करायची राहून जाई. आता मूळ मसुदा एकच असून ‘हा परिच्छेद फक्त लिनक्सपुरता’, ‘हा ५.२ पासून पुढे’ अशा खुणा त्यात असतात. ही व्यवस्था निःसंशय उत्तम, पण एक खूण सुटली की लिनक्सवाल्यास सी-ड्राइव्ह शोधण्याचा हुकूम सुटतो.

रिलीजच्या आदल्या संध्याकाळी एखादा कोवळा इंजिनिअर येऊन लाघवीपणाने म्हणतो, ‘सर, फक्त एक शब्द बदललाय. सबमिटचं डन केलंय.’ दफ्तरदार रागावत नाहीत. ते शांतपणे त्याला शेजारी बसवतात, तीन यंत्रांवरच्या चार चालू आवृत्त्यांपैकी कोणकोणत्या मजकुरात ‘सबमिट’ आहे ते शोधून दाखवतात, मग स्क्रीनशॉट दाखवतात, मग त्या स्क्रीनशॉटांवर हाताने काढलेले लाल बाण दाखवतात. तिसऱ्या बाणाला तो पोरगा घड्याळाकडे पाहू लागतो. आमच्या मते फाशीपेक्षा ही शिक्षा कठोर आहे.

एवढे करून पुस्तिका वाचतो कोण, हा प्रश्न कचेरीत अशिष्ट समजला जातो. अलीकडे एका ग्राहकाने सत्तेचाळिसाव्या पानावर चूक असल्याची तक्रार केली. चौकशीअंती गृहस्थ जुनीच प्रत चाळत होते आणि सदर चूक दोन आवृत्त्यांमागेच दुरुस्त झाली होती, असे निष्पन्न झाले; तथापि कोणीतरी सत्तेचाळिसाव्या पानापर्यंत पोचला, या आनंदात दफ्तरदारांनी सबंध मजल्यावर पेढे वाटले.