मिनिटाला 180 पावलं

पुणेकराला कुणी फुकट चुका काढलेल्या खपत नाहीत. फी भरलेली असली की मात्र तो निमूटपणे ऐकून घेतो. आमच्या कोचने माझ्या धावण्याचा व्हिडिओ संथ गतीत लावला. टाच लांब पुढे जाऊन आपटतेय, हात ताक घुसळल्यासारखे फिरताहेत आणि चेहऱ्यावर गॅस बंद केला की नाही ही चिंता. "काका, ओव्हरस्ट्रायडिंग!" कोच म्हणाला. त्यातला 'काका' जास्त लागला.

मग सूचनांची सरबत्ती. पाऊल कमरेच्या खालीच पडू दे, कोपर काटकोनात, खांदे सैल, मिनिटाला 180 पावलं. आणि हे सगळं सांभाळून 'रिलॅक्स!' मोबाइलवर टिकटिक लावून आखूड पावलांनी निघालो, तर रोज मान वर न करणारी गल्लीतली कुत्री मागे लागली. एवढी लगबग म्हणजे याने नक्की काहीतरी चोरलंय, असा त्यांचा समज झाला असावा.

हा 180 आकडा आला 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधून. जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकाने तिथल्या धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा लांब पल्ल्याचे जवळपास सगळे 180 किंवा त्याहून वर निघाले. पण ते ऑलिंपिकच्या वेगाने पळत होते हो! मी पळतो तो नाश्त्याच्या आधी घरी पोहोचायला.

आणि पळण्याच्या ढबीचं म्हणाल, तर धावपटू एमिल झाटोपेक मान वाकडी, तोंड वेडंवाकडं करून, धापा टाकत पळायचा. त्याने 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 5,000 मीटर, 10,000 मीटर आणि आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णं नेली. पॉला रॅडक्लिफने 2003 मध्ये लंडन मॅरेथॉन 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत मारली, तीही अखंड मान डोलवत. आमच्या कोचच्या हाती ही मंडळी लागली नाहीत, हे ऑलिंपिकचं नशीब.

खरं तर सरावलेलं शरीर कमी दमवणारी चाल आपली आपणच शोधतं. ती एकदम बदलली तर दम उलट जास्त लागतो आणि गुडघ्यावरचा भार पोटरीवर जातो. पोटऱ्यांपायी मी आठवडाभर जिना उलटा उतरत होतो. पावलांची संख्या 5 ते 10 टक्क्यांनी वाढवली की गुडघ्यावरचा ताण कमी होतो, एवढं मात्र खरं. म्हणजे 160 वाल्याने 168 वर यावं, बस्स.

तेव्हा वाचकहो, गुडघा कुरकुरत असेल तर पावलं जराशी आखूड करा, पोटऱ्यांना सवय व्हायला काही महिने द्या, आणि व्हिडिओ काढणाऱ्यापासून शक्य तितकं लांब पळा.