मेमरी कार्डाचे एकत्रीकरण : इच्छुक खातेदारांसाठी मार्गदर्शन

ज्या खातेदाराने ६४ जीबीचे मेमरी कार्ड रोख पैसे मोजून घेतले आणि संगणकाला लावल्यावर ज्याला त्यात जेमतेम ५०० एमबी जागा दिसली, त्याच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. प्रथम पाणी प्यावे. कार्ड आटत नाही. जमीन जागेवरच आहे, फक्त उताऱ्यावर वाटणी चढली आहे.

वाटणी करणारा बहुधा घरातच सापडतो. इंजिनिअरिंगच्या चिरंजीवांनी किंवा कन्येने प्रोजेक्टसाठी ते कार्ड रास्पबेरी पायमध्ये घातलेले असते. हल्लीची रास्पबेरी पाय ओएस कार्डाचे दोन हिस्से करते. ५१२ एमबीचा एक छोटा हिस्सा फॅट३२ पद्धतीचा, तो विंडोजला वाचता येतो. बाकी सगळी जमीन ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीने कसलेली, तिथले एक अक्षर विंडोजला लागत नाही. पण न कळणे मान्य करणे विंडोजच्या स्वभावात नाही. ‘हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल’ असे ते अधिकारवाणीने सांगते. घाईचे खातेदार मग दिसेल त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून फॉरमॅट दाबतात. त्याने नांगर फिरतो तो त्या हिश्श्याच्या बांधापर्यंतच. ५१२ एमबीचे, स्वच्छ नांगरलेले, ५१२ एमबीच हाती येतात.

दुसरा प्रकार दत्तकविधानाचा. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून काही फोन कार्डाला आपल्या अंतर्गत स्टोरेजमध्ये दत्तक घेतात आणि त्यावरचा सगळा मजकूर कुलूपबंद करतात. किल्ली त्या फोनकडेच राहते. फोन हयात असेल तर फोटो आधी दुसरीकडे हलवून फोनच्याच सेटिंगमधून कार्ड पुन्हा ‘पोर्टेबल’ करून घ्यावे. फोन निवर्तला असेल तर कार्ड परत मिळेल, फोटो नाही.

आता दप्तराविषयी. जुन्या पद्धतीच्या कार्डाचा सातबारा त्याच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत असतो. त्यातही वाटणीची नोंद ६४ बाइटांची : चार रकाने, प्रत्येकी १६ बाइट. म्हणजे सोय चारच भावांची. पाचवा निघाला तर कोणा एकाच्या वाट्यात पोटहिस्से पाडावे लागतात. ही पद्धत १९८३ च्या डॉसपासून चालत आली आहे. महसूल खात्याच्या मानाने हे दप्तर नवेच म्हणायचे.

एकत्रीकरणासाठी कार्डावरचे हवे ते आधी उतरवून घ्यावे. मोठे कार्ड किंवा अडॅप्टर असेल तर बाजूची प्लास्टिकची इवलीशी खिट्टी ‘लॉक’वर नाही ना, हे पाहावे. मग विंडोजमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने ‘डिस्कपार्ट’ उघडावे. समोर काळी खिडकी येईल. पुढचे अर्ज रोमन लिपीतच करावेत, या कार्यालयात देवनागरी स्वीकारत नाहीत.

पहिला अर्ज ‘लिस्ट डिस्क’. सगळ्या डिस्कांची यादी आकारासह येते. इथे चष्मा लावावा. साधारण ५९ जीबीची जी डिस्क दिसते ते आपले कार्ड. तिचा क्रमांक घालून ‘सिलेक्ट डिस्क’ म्हणावे आणि पुन्हा ‘लिस्ट डिस्क’ करून तारांकन त्याच ओळीवर आहे याची खात्री करावी. घाई नाही, कारण पुढचा अर्ज ‘क्लीन’ आहे.

गावच्या फेरफाराला हरकती घेण्यासाठी १५ दिवसांची नोटीस असते. ‘क्लीन’ला नोटीस नाही, हरकत नाही, ‘नक्की का?’ हा प्रश्नसुद्धा नाही. एंटर दाबले की वाटणीची नोंद गेली. विंडोज ज्या डिस्कवर स्वतः राहते ती पुसायला ते नकार देते, एवढी स्वतःची काळजी त्याला आहे. मात्र शेजारी लावून ठेवलेल्या, ताईच्या लग्नाचे फोटो असलेल्या डिस्कला असे संरक्षण नाही. ती डिस्क आधीच उपटून कपाटात ठेवावी. घरातली शांतता यावर अवलंबून आहे.

त्यानंतर ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’ : एकच खातेदार, सलग जमीन. मग ‘फॉरमॅट एफएस=एक्सफॅट क्विक’ आणि शेवटी ‘असाइन’. कार्ड ३२ जीबी किंवा लहान असेल तर एक्सफॅटऐवजी फॅट३२ लिहावे. गाडीतल्या जुन्या म्युझिक सिस्टीमला बहुधा तेवढेच कळते. फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मात्र मावत नाही. फॅट३२ ची धाव खरे तर ३२ जीबीच्या बरीच पुढे आहे. विंडोजच्या फॉरमॅटच्या चौकटीत ही कमाल धारणा मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे अभियंता डेव्ह प्लमर यांनी नव्वदच्या दशकात घातली, आणि आकडा आपणच ठरवला असे ते आता मोकळेपणाने सांगतात. आपल्याकडे सीलिंगला निदान १९६१ चा कायदा तरी लागला.

कार्ड कॅमेऱ्यात जाणार असेल तर शेवटचा फॉरमॅट कॅमेऱ्यातच करावा. कार्ड कोणाला देऊन टाकायचे असेल तर नुसत्या ‘क्लीन’वर विसंबू नये. त्याने उतारा कोरा होतो, उभे पीक तसेच राहते, आणि ते कापून नेणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. त्यासाठी ‘क्लीन ऑल’ आहे. ते प्रत्येक कोपऱ्यात शून्य पेरत जाते, तेव्हा तेवढ्या वेळात जेवून घ्यावे.

एवढे सोपस्कार होऊनही विंडोज ६४ ऐवजी ५९.६ च दाखवते, यावरून भांडण काढू नये. कंपनीचा गिगाबाइट १०० कोटी बाइटांचा, विंडोजचा १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ चा. मोजणीची साखळी वेगळी, रान तेवढेच. ज्यांना पूर्ण ६४ पाहिल्याशिवाय झोप लागणार नाही त्यांनी तेच कार्ड एखाद्या मॅकला लावावे. मॅक २००९ पासून कंपनीच्याच साखळीने मोजतो.