तिघांत तिसरे

लोणारचे सरोवर जगात तिसरे आहे, हे विधान त्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीत आता सिद्धतेच्या पलीकडे पोहोचले आहे. ते ‘जगातील अजब गोष्टी’ या चौकटीत छापले जाते, शाळेच्या भिंतीवर रंगवले जाते, सकाळी गुलाबाच्या चित्रासह मोबाइलवर येते आणि पुण्याहून पाहुणा आला की त्याने चहाचा कप खाली ठेवण्याच्या आत त्याला ऐकवलेही जाते. कशात तिसरे, हे मात्र ठरलेले नसते. कधी खाऱ्या पाण्यात, कधी विवरांत, कधी नुसतेच ‘जगात’. तपशील सांगणाऱ्याच्या सोयीने बदलतो, क्रमांक तेवढा अढळ राहतो.

प्रथम खाऱ्या पाण्याचा दावा तपासावा. कॅस्पियन समुद्र नावाने समुद्र असला तरी चोहोबाजूंनी जमिनीने वेढलेला असल्यामुळे भूगोलात तो जगातील सर्वांत मोठे खारे सरोवर मानला जातो, आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,७१,००० चौरस किलोमीटर आहे. लोणारच्या पाण्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सव्वा चौरस किलोमीटरही भरत नाही. कॅस्पियनमध्ये अशी तीन लाखांवर लोणारे मावतील. पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकात एवढे अंतर असेल, तर मधे एकाच सरोवराला जागा उरते आणि बाकीच्यांची विल्हेवाट लावणे भाग पडते. सुमारे ६०० चौरस किलोमीटरचा मृत समुद्र नावानेच मृत असल्यामुळे त्याच्या वारसांकडून हरकत येण्याचा संभव कमी. तुर्कस्तानातील व्हॅन सरोवराचे पाणी लोणारसारखेच सोडायुक्त, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या जातीच्या क्षारांनी भरलेले असून त्याचा विस्तार ३,७०० चौरस किलोमीटरहून अधिक आहे. परंतु ते चिखलीहून दिसत नसल्याने बाद ठरते. खरी अडचण राजस्थानातील सांभरची आहे. ते स्वदेशी आहे, सुमारे दोनशे चौरस किलोमीटरचे आहे आणि शतकानुशतके देशाला मीठ पुरवत आले आहे. त्याला यादीतून वगळणे म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणे होय.

विवरांच्या दाव्याची गत याहून निराळी नाही. अशनी, म्हणजे आकाशातून येऊन जमिनीपर्यंत पोहोचणारा दगड, आदळून पडलेल्या खळग्याला आघात विवर म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतील व्रेडफोर्टचा मूळ व्यास २५० ते ३०० किलोमीटर असावा असा अंदाज आहे. डायनासोरांच्या अंताशी जोडले जाणारे मेक्सिकोतील चिक्शुलूब सुमारे १८० किलोमीटरचे आहे. चिखलीत कंपासचे टोक रोवून चिक्शुलूबएवढे वर्तुळ काढल्यास त्यात बुलढाणा, मेहकर, जालना आणि खुद्द लोणारही जाते. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे १५० मीटर.

मात्र संशोधकाने निराश होऊ नये, कारण क्रमांक खरा ठरवणारी एक यादी उपलब्ध आहे. भारतात भक्कम पुराव्यानिशी मान्य झालेली आघात विवरे मोजावीत: मध्य प्रदेशातील ढाला, राजस्थानातील रामगढ आणि लोणार. पहिली दोन व्यासाने दहा किलोमीटरच्या घरातली आहेत; म्हणजे लोणार तिसरे आहे, तिघांत तिसरे. अलीकडे कच्छमधील लुना येथील खळग्याचाही दावा पुढे आला असून त्याचा व्यासही सुमारे १.८ किलोमीटर असल्यामुळे हा क्रमांकदेखील फितीने मोजावा लागण्याची चिन्हे आहेत. याउलट ज्या यादीत लोणारला निर्विवाद क्रमांक मिळाला, ती कोणी वाचत नाही. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, १९७१ साली इराणमधील रामसर येथे झालेल्या करारावरून नाव पडलेल्या यादीत महाराष्ट्रातून पहिले नांदूर मधमेश्वर गेले, २०२० साली लोणार दुसरे गेले, आणि तिसरी जागा ठाण्याच्या खाडीने पटकावली. जिथे लोणार खरोखर दुसरे आहे, तिथे ते कोणाला नको आहे.

या क्रमांकपूजेची किंमत चिखलीच्या अभ्यासिकांत मोजली जाते. तेथे सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून महिन्याची फी भरलेली मुले प्लायवूडच्या खोक्यांत, डोक्यावर घरघरणाऱ्या पंख्याखाली बसून ‘लोणार जगात कितवे?’ याचे उत्तर पाठ करतात, कारण चूक उत्तराला गुण मिळत नाहीत आणि बरोबर काय हे सरोवर ठरवत नाही, उत्तरतालिका ठरवते. लोणारचे वय एका पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे आले आणि पुढे अरगॉन वायूच्या प्रमाणावरून काढले तेव्हा सुमारे ५,७०,००० वर्षे आले. दहापटींहून अधिक असलेला हा फरक का पडला असेल, कोणते मोजमाप कशावर उभे आहे, हे विज्ञानाचे खरे शिक्षण ठरले असते. परंतु चार पर्यायांच्या चौकटीत ‘का’ मावत नाही. मग वीस-बावीस वर्षांचा तरणाबांड मुलगा आपल्याच जिल्ह्यातले विवर न पाहता त्याचा क्रमांक घोकतो आणि तलाठ्याच्या परीक्षेत त्यावर खूण करून येतो. जगाच्या अजब गोष्टींत नोंद करावी अशी ही गोष्ट आहे, आणि ती अजिबात विनोदी नाही.

वास्तविक लोणारला क्रमांकाची गरजच नव्हती. ते बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकात पडलेले आहे. चंद्राच्या आणि मंगळाच्या पृष्ठभागावर याच जातीचा खडक मुबलक आहे, त्यामुळे तेथील विवरे समजून घ्यायला लोणारचा दगड कामी येतो. बेसॉल्टमधली विवरे ब्राझीलमध्येही आहेत, पण वाटीसारखा आकार इतका शाबूत राहिलेले तरुण विवर दुर्मीळ. येथे मास्केलिनाइट सापडते, म्हणजे खडकातील स्फटिकाची न वितळता, केवळ धक्क्याने झालेली काच. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे. नमुना स्थिर ठेवताच जीव तळाशी बसले आणि वर नितळ पाणी उरले. एवढे सारे कमी पडले, म्हणून त्याला तिसरा नंबर दिला!

आणि ज्याचा अभिमान जगात मिरवायचा, त्याच्या काठावर वेड्या बाभळीचे रान माजले, गावचे सांडपाणी खाली उतरत असल्याची ओरड वर्षानुवर्षे झाली, तेव्हा हे अभिमानी लोक कठड्याला टेकून सेल्फी काढत होते आणि वेफर्सची रिकामी पुडी खाली भिरकावत होते. वेफर्स खाणाऱ्याला सरोवर कितवे हे ठाऊक असते; कचरापेटी कुठे आहे हे ठाऊक नसते. ज्या जिल्ह्याला आपले नवल सांभाळता येत नाही, त्याने ते मोजू नये. तरीही कोणी ‘जगात तिसरे’ म्हणालाच, तर चिखलीकरांनी त्याला पहिली दोन विचारावीत, आणि उत्तर येईपर्यंत चहा देऊ नये.