पाद्रीबुवांच्या वहीत पणजीची भानगड

ऐकलंत का? तिकडे अमेरिकेत म्हणे चांगल्या घरची माणसं लाज गुंडाळून बसली आहेत! नातवंडं खेळवायच्या वयात रात्र रात्र जागायचं आणि कधीच्या मेलेल्या बायकांच्या बाळंतपणाच्या तारखा तपासायच्या. विचारलं, तर म्हणतात, आमचे जर्मन पूर्वज शोधतोय. आणि ही काही एकदोघांची हौस नव्हे. 2020च्या जनगणनेत साडेचार कोटी अमेरिकनांनी आपण जर्मन वंशाचे असल्याचं सांगितलंय.

सुरुवात अगदी सोज्वळ असते. मूळपुरुष कुणीतरी सरदार असणार, निदान एखादी पडकी गढी तरी निघणार, अशी प्रत्येकाला आतून खात्री. मग उघडते चर्चची वही. सरकारी जन्म-मृत्यू नोंद सगळ्या जर्मन साम्राज्यात सुरू झाली 1876 मध्ये. ऱ्हाईनच्या पश्चिमेकडे फ्रेंचांनी ती आधीच लावली होती, पण बाकी बहुतेक ठिकाणी सगळा कारभार पाद्रीबुवांच्या दौतीत. आणि बुवांची नजर काय सांगावी! बाप काय धंदा करतो, बाप्तिस्म्याला साक्षी कोण उभं राहिलं, सगळं टिपलेलं. लग्न मे महिन्यात आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा सप्टेंबरात, मोजा बोटं! वधूला दिवस गेलेले असले, तर तिच्या नावाआधी ‘कुमारी’ लिहायचं बुवा बरोब्बर विसरायचे. बापाचं नावच नसलं, तर काही गावांत त्या पोराची नोंद चक्क वही उलटी धरून केलेली, सगळी अक्षरं डोक्यावर उभी! आता दोन-अडीचशे वर्षांनी ओहायोतली पणती ते पान मोठ्या हौसेने सरळ करून बघते आणि गढीचा विषय पुन्हा काढत नाही.

बरं, हे सगळं आता घरबसल्या, इंटरनेटवर चालतं. प्रोटेस्टंटांच्या वह्या ‘आर्किओन’वर, पैसे मोजून, कॅथलिकांच्या बऱ्याचशा ‘मॅट्रिकुला’वर, फुकट. म्हणजे भानगडीतसुद्धा पंथभेद! लिपी मात्र कुरेंट, आपल्याकडच्या मोडीची सख्खी बहीण. डोळे फुटायची वेळ येते आणि हाती लागतो कोण, तर योहान. त्याचा भाऊ योहान. धाकटा तोही योहान. योहान गेओर्ग, योहान पेटर, योहान मिखाएल. घरात हाक दुसऱ्या नावाने. त्यातून एक मूल गेलं की पुढच्याला बऱ्याचदा तेच नाव. समासात पाद्र्याने बारीकसा क्रूस काढून ठेवलेला असतो, तो दिसला नाही की दोन वर्षांचं गेलेलं लेकरू होतं तुमचं खापरपणजोबा. वेस्टफालियात तर शेतावर नांदायला आलेला घरजावई त्या शेताचंच नाव लावायचा! आडनावावर भिस्त ठेवून वंशवेल चढवणाऱ्यांची तिथे चांगलीच फजिती होते.

आडनावावरून आठवलं. ‘एलिस बेटावरच्या कारकुनाने आमचं नाव बिघडवलं’ हे प्रत्येक घरात ठरलेलं रडगाणं. साफ खोटं! कारकून जहाजावरून आलेल्या यादीशी ताडून बघायचा, नवं बारसं करत बसायचा नाही. नावं बदलली ती ह्यांनीच, सावकाश, सोयीने. पहिल्या महायुद्धात तर कित्येक श्मिट रातोरात स्मिथ झाले. आणि तेव्हा जर्मनांशी लढणाऱ्या अमेरिकन फौजेचा सेनापती कोण? पर्शिंग, मूळचे फर्शिंग! दुसऱ्या खेपेला आयझेनहॉवर, मूळचे आयझेनहाउअर. घ्या.

सगळ्यात खमंग प्रकरण पॅलॅटिनेटमधल्या काल्श्टाटचं. द्राक्षमळ्यांचं एवढंसं गाव. हाइन्झ केचपवाल्याचा बाप तिथला आणि 1885 मध्ये सोळाव्या वर्षी अमेरिकेला गेलेला फ्रीडरिश ट्रम्पही तिथलाच. पैसा कमावून परतला, तर सैन्यातली नोकरी चुकवली म्हणून बव्हेरियाच्या सरकारने त्याला पुन्हा बाहेरची वाट दाखवली. आणि नातवाच्या 1987च्या पुस्तकात हे आजोबा कुठून आले म्हणता? स्वीडनहून! वही काल्श्टाटला, आजोबा स्वीडनला.

युटाच्या मॉर्मन मंडळींचा उद्योग तर ह्यावर कडी. पूर्वजांचा मरणोत्तर बाप्तिस्मा करायचा म्हणून त्यांनी जगभरच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म काढून डोंगराच्या पोटात ठेवल्यात. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांनी सोडल्या नाहीत, तेव्हा फार हसू नका.

एका गोष्टीवर मात्र मीही जीभ आवरते. 1933 नंतर ह्याच वह्यांसमोर जर्मनीत रांगा लागल्या होत्या. आजी-आजोबा ‘आर्य’ असल्याचा दाखला नसेल, तर सरकारी नोकरी जायची. दाखला न मिळणाऱ्यांचं पुढे काय झालं, ते जगाला ठाऊक आहे.

आता एवढी रसभरीत चर्चा केल्यावर तुमच्या अमेरिकेतल्या सूनबाईंनाही खाज सुटलीच, तर त्यांना सांगा, आधी गाव शोधा. नुसत्या ‘प्रशिया’ने काही होत नाही, वह्या गावोगावच्या आहेत. ब्रेमेनच्या प्रवाशांच्या जुन्या याद्या तिथल्या साहेबांनी जागा नाही म्हणून नष्ट केल्या. हॅम्बुर्गच्या 1850 ते 1934 पर्यंतच्या मात्र टिकल्या आहेत. आणि त्याहीआधी अमेरिकेतल्याच जुन्या लुथरन चर्चची दफननोंद काढा. जन्मगाव पुष्कळदा तिथेच लिहिलेलं असतं. काही निघालं की मला आधी कळवा.