पिन निघाली का?

अहो अक्का, काल ठणठणाट ऐकलात ना? सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत चाललं होतं. काय म्हणता, म्हशीनं पान्हा चोरला? चोरणारच. आमच्या पलटी नांगराची करामत.

खोडवा तुटून गेला, रान नांगरून तापू द्यायचं, म्हणून बाभळीखालचा नांगर बाहेर काढला. दोन पावसाळे तिथंच उभा होता. सिलिंडरातनं तेल गळत होतं. सील बदलायचं तर सिलिंडर काढायला हवा, आणि तो ज्या पिनीत अडकवलाय तीच जाम! अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब, पण ठाण मांडून बसलेली. आपल्या पैसाच्या खांबाला माउली टेकून बसले शके 1212मध्ये, खांब अजून जागचा हलला नाही. ही त्याच्याच भावकीतली असणार.

आमच्या ह्यांनी डिझेल ओतलं आणि लगेच घण उचलला. अहो, मुरू तरी द्या! लोणचं घातल्या घातल्या फोड खातं का कुणी? मग भाऊजी आले, त्यांनी ह्यांच्या दुप्पट जोरानं हाणलं. पिनीचं डोकं अळंबीसारखं फुललं. आता तेवढं डोकं त्या भोकातनं जाणार कसं? ते ग्राइंडरनं घासण्यात दुपार गेली.

मामंजी बाजेवरनं सगळं बघत होते. म्हणाले, ‘किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोक घेईनात. लोखंडानं जमिनीत विष उतरतं म्हणायचे. जमिनीचं माहीत नाही, घरात मात्र उतरलं.’ हे असे लाल झाले म्हणता!

शेवटी फाट्यावरचा मिस्त्री बोलावला. तो आला, चहा प्यायला, घणाला हातच लावला नाही. स्क्रू-ड्रायव्हर मागितला आणि बसला पिनीच्या कडेचा चिखल खरवडत. तर काय, आत बोल्टाचं डोकं! पिन फिरू नये म्हणून आडवा घातलेला लॉक बोल्ट. दिवसभर दोघं जण हाणत होते, आणि कडी आतनं लावलेली! भाऊजींना तेवढ्यात म्हशीची आठवण झाली, गेले निघून.

बोल्ट काढला तरी पिन हलेना. गंज फुगतो ना, लोखंडापेक्षा जास्त जागा धरतो. मिस्त्रीनं आधी पाइप सोडवून सिलिंडरातलं तेल काढलं. आत कोंडलेलं तेल तापलं तर फुटतं म्हणे, म्हणून पोरांनाही लांब पिटाळलं. मग गॅस लावला, पण पिनीला नाही, पिन धरून बसलेल्या कानाला. कान तापला की भोक मोठं होतं, पिन गार ती तेवढीच राहते. मी विचारलं, किती मोठं होतं? म्हणाला, 25 मिलिमीटरचं भोक 300 अंशांनी तापलं तर केसभर. बघा, एका केसासाठी एवढं!

मग मला म्हणतो, ‘वहिनी, मेणबत्ती आहे का?’ मला वाटलं, नवस बोलतोय. लाइट जाते म्हणून फळीवर ठेवलेली दिली आणून. गॅस बाजूला ठेवून त्यानं मेणबत्ती गरम कानाला टेकवली, तर मेण पाण्यासारखं वितळलं आणि फटीत असं शिरलं, जशी बिळात मुंगी. मग पिनीपेक्षा बारीक सुंबा ठेवून हातोडीचे हलके हलके ठोके. पाचसहा ठोक्यांत लाल भुकटी गळायला लागली, आणि आली की बाहेर! मधोमध झिजून पायरी पडलेली, आणि ग्रीसचं निपल मातीनं गच्च बुजलेलं.

मिस्त्रीनं विचारलं, ‘ग्रीस कधी मारलं होतं?’

हे म्हणाले, ‘मागच्या वर्षी.’

बाजेवरनं आवाज आला, ‘कोणत्या?’

आता नवी पिन आणायला गेलेत. अक्का, तुमची ग्रीसगन द्या ना जरा. आमची आहे हो, पण तिचंच झाकण फिरेना झालंय.