टनाचं ॲव्हरेज

कतारमधल्या द पर्ल बेटावर इंधनाच्या खर्चाबद्दल बोलणं अशिष्ट समजतात. घटस्फोट, पगार, गुडघ्याचं ऑपरेशन हे विषय पोर्तो अरेबियाच्या धक्क्यावर फिरता फिरता खुशाल चालतात. पण शेजारच्या पांढऱ्या यॉटकडे बोट दाखवून ‘ही तासाला किती पिते हो?’ असं विचारलंत की समोरचा माणूस घड्याळात बघायला लागतो. वीसेक मीटरची यॉट जोरात पळायला लागली की तासाला दोन-तीनशे लिटर डिझेल सहज संपवते. हा आकडा मला माहीत आहे, मालकाला नाही. म्हणूनच यॉट त्याच्याकडे आहे.

हे बेटच मुळात हिशेबाच्या पलीकडचं प्रकरण आहे. पूर्वी जिथे मोत्यांसाठी बुड्या मारत, तिथे समुद्रात भराव घालून सुमारे चार चौरस किलोमीटर जमीन तयार केली. परदेशी माणसाला मालकीचं घर घेता येईल अशी कतारमधली ही पहिली जागा. आम्ही अर्थातच भाड्यानं राहतो. राहायला इथे आणि मनानं कोथरूडला, त्यामुळे महिनाअखेरीला नवे इंधनदर जाहीर झाले की मी ते आधी वाचतो. 2016 सालापासून इथे दर महिन्याला दर ठरतात. डिझेल लिटरला दोन रियालच्या आसपास, म्हणजे रुपयांत पन्नासच्या आतबाहेर. पुण्यातला भाव आठवला की उगाचच काहीतरी कमावल्यासारखं वाटतं. माझ्याकडे डिझेलची गाडी नाही, तरी वाटतं.

अशा या बेटावर मला हिशेबाचा एक साथीदार भेटला. आमच्याच मजल्यावर राहतो, रास लफ्फानला एलएनजीच्या कामावर आहे. मूळचा टेक्सासचा. त्याचं नाव इथे नको, आपण त्याला टेक्सासकर म्हणू. इथे त्याच्याकडे 355 हॉर्सपॉवरची पेट्रोल पिकअप आहे. आखातात खासगी पिकअप बहुतेक पेट्रोलवरच चालतात. दोन जेट-स्की ट्रेलरवर घालून तो सुट्टीच्या दिवशी सीलाइनच्या किनाऱ्यावर नेतो. पण त्याचा जीव ह्यूस्टनला ठेवलेल्या डिझेल पिकअपमध्ये अडकलेला. परदेशातला मराठी माणूस आईच्या हातच्या पुरणपोळीबद्दल बोलतो, त्या आवाजात तो तिच्याबद्दल बोलतो.

‘रिकामी अठरा देते,’ तो म्हणाला, ‘आणि पाच टनाचा कॅम्पर मागे लावला तरी बारा.’

हे मैल, आणि तेही अमेरिकन गॅलनला. अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा, ब्रिटिश गॅलन 4.546 लिटरचा. इथल्या गाड्यांच्या काचेमागे शंभर किलोमीटरला किती लिटर लागले ते दिसतं, म्हणजे आकडा वाढला की दुःख करायचं. आपल्याकडे आकडा वाढला की पेढे. अठरा मैलांचे मी लिटरला 7.65 किलोमीटर केले आणि बारांचे 5.1. पाच टन ओढून पाच किलोमीटर! मी त्याच्याकडे आदरानं पाहिलं. नंतर कळलं की अमेरिकेत साडेआठ हजार पौंडांवरच्या, म्हणजे साधारण 3.86 टनांवरच्या अवजड पिकअपना सरकारी मायलेजचा आकडा लावावाच लागत नाही. हलक्या गाडीच्या काचेवर सरकारचा शिक्का, आणि जी खरोखर डिझेल पिते तिच्या बाबतीत मालकाचा शब्द. हा शब्द खोटा पाडणारं कोणी नसल्यामुळे तो दरवर्षी थोडा थोडा वाढत जातो.

त्याच्या त्या पिकअपचं इंजिन कमिन्सचं. ते ऐकल्यावर मला राहवेना. ‘कमिन्स म्हणजे आमच्या कोथरूडची!’ मी म्हणालो. किर्लोस्कर कमिन्स 1962 साली पुण्यात सुरू झाली. कोथरूडच्या किती घरांचे हप्ते त्या कारखान्याच्या पगारावर फिटले आणि किती मुली कमिन्स कॉलेजातून इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेल्या, हे सगळं मी त्याला ऐकवलं. त्यानं शांतपणे सांगितलं की कंपनी 1919 सालची, इंडियानातल्या कोलंबस गावची. असेल. माणूस जन्माला कुठेही येतो, नावारूपाला कोथरूडला येतो.

मात्र त्यानं सांगितलेली एक गोष्ट मी मनातल्या मनात कोथरूडच्या खात्यावर जमा केली आहे. डिझेल इंजिन मोटारीत चालत नाही असं जग म्हणत होतं, तेव्हा ज्याच्या नावाची ही कंपनी त्या क्लेसी कमिन्सनं बोटीसाठी बनवलेलं डिझेल इंजिन एका जुन्या पॅकार्ड गाडीत बसवलं आणि 1930 च्या जानेवारीत इंडियानापोलिसहून थेट न्यूयॉर्कचं मोटार प्रदर्शन गाठलं. सुमारे आठशे मैल. इंधनाचा खर्च एक डॉलर अडतीस सेंट. म्हणजे ‘माझी गाडी किती देते बघा’ ही बढाई डिझेल मोटारीच्या जन्मापासून चालत आली आहे, फक्त त्या माणसानं निदान प्रवास पूर्ण करून दाखवला.

ओझं ओढताना डिझेल का परवडतं, तेही त्यानं समजावलं. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. गाडी आरामात चालली की ती अर्धवट मिटलेली, आणि इंजिनाची बरीचशी धडपड श्वास घेण्यातच. डिझेल इंजिन हवा पोटभर घेतं आणि इंधन गरजेपुरतं. हवा दाबतंही जास्त, पेट्रोलपेक्षा दीडपट तरी. शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाच दहा-बारा टक्के अधिक. ट्रेलर जोडल्यावर पेट्रोल इंजिनाला घाम फुटतो, ते थंड राहावं म्हणून त्यात जास्तीचं पेट्रोल ओतावं लागतं, आणि ॲव्हरेज कोसळतं. डिझेलचंही पडतं, पण पायऱ्या उतरल्यासारखं.

कतारमध्ये हा फरक पुरता दिसतही नाही, कारण इथे चढ नाही. देशातला सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून 103 मीटर. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून जवळजवळ तेवढंच दिसतं. मी कागदावर हिशेब मांडला. टेक्सासकराची पिकअप आणि कॅम्पर मिळून साडेआठ टन. ते धूड बोरघाटात पाचशे मीटर वर चढवायचं, तर चाकांचं घर्षण आणि वारा सोडून नुसतं उचलायलाच तीन लिटर डिझेल जाईल. खंडाळ्याला वडापाव खायच्या आत. इथे ते तीन लिटर वाचतात. मात्र इथे वजनापेक्षा मोठा वैरी वारा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ऐंशीचे एकशेवीस केले की तो सव्वादोन पट. उंच, चौकोनी ट्रेलर मागे असला की तुम्ही गाडी चालवत नसता, कपाटाचं दार अंगावर धरून धावत असता.

त्यातून इथला शमाल. हा वारा वायव्येकडून येतो आणि सीलाइन दोह्याच्या दक्षिणेला. म्हणजे जाताना वारा पाठीला, येताना छातीवर. टेक्सासकर सीलाइनला पोहोचल्याबरोबर डॅशबोर्डवरच्या आकड्याचा फोटो काढून मला पाठवायचा. परत आल्यावर कधी फोटो आल्याचं मला स्मरत नाही.

हे सगळं सुखानं चाललं होतं. मग एप्रिलमध्ये शिरोळहून मामा आले.

मामांचा ट्रॅक्टर आहे. दिवाळीपासून मार्चपर्यंत तो कारखान्याला ऊस ओढतो, मागे दोन ट्रॉल्या. हंगाम संपला होता, मामांना उसंत होती. पर्ल त्यांना दाखवून झालं. व्हेनिसच्या धर्तीचे कालवे आणि पूल बघून ते म्हणाले, ‘पाणी हाय, पन शेती कुठं न्हाई.’ तळघरातल्या पार्किंगमध्ये मात्र ते रमले. टेक्सासकराची पिकअप बघून त्यांनी तिच्याभोवती फेरी मारली, मागचा हूक हातानं हलवून पाहिला आणि मला विचारलं, ‘लेका, किती टन वढती?’

‘साडेचार टन ओढू शकते, मामा.’

‘वढू शकती ते र्‍हाऊ दे. वढती किती?’

मी जेट-स्कींचं वजन सांगितलं. दोन मिळून सातशे किलो. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या सुट्टीला टेक्सासकरानं त्यांना सीलाइनला चलायचं आमंत्रण दिलं, तेव्हा ते लगेच तयार झाले. ‘पावनं एवढ्या मोठ्या गाडीतनं खेळणी नेत्यात, बघू तरी.’

वाटेत करक चहासाठी थांबलो. इथली रीत अशी की गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न वाजवायचा, पोरगा खिडकीशी येतो, चहा खिडकीशी येतो. तोवर इंजिन चालू, कारण एसी चालू. लिटरला किती किलोमीटर, याचं उत्तर या काळात शून्य असतं. मोठं इंजिन उभ्या उभ्या तासाला दोन-तीन लिटर सहज पितं. दहाएक मिनिटांनी पेले परत देताना मामा म्हणाले, ‘ह्या चहाला दुधापरास पेट्रोल जास्त लागलं की रं.’ मी भाषांतर केलं नाही. शेजारधर्म म्हणून.

सीलाइनला तेव्हा हिवाळी तंबूंचा हंगाम आवरत होता. कतारी कुटुंबं थंडीभर वाळवंटात मुक्काम टाकतात आणि एप्रिल सरताना सगळा पसारा परत निघतो: चाकांवरच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, जनरेटर, गालिचे, पोरांच्या चारचाकी बाईक. रस्त्याला ट्रेलरमागे ट्रेलर. मामांचा चेहरा खुलला. ‘ही तर आपल्या कारखान्याची लाइन!’ वाळूत शिरण्याआधी लोक चाकांतली हवा उतरवत होते, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. कोणाचा बोजा मागं झुकलाय, कोणाचा हूक ढिला आहे, कोणता गडी वळताना ट्रॉली अडकवणार, हे ते मोठ्यानं सांगत होते आणि त्यांतला एक खरोखर अडकला.

तिथेच, वाळूच्या कडेला, टेक्सासकरानं बारा मैलांची गोष्ट मामांना सांगितली. मी दुभाषी. मामांनी ती नीट ऐकून घेतली. ‘किलोमीटर नगं. टनाचं सांग.’

मग त्यांनी आपला हिशेब सांगितला. ट्रॅक्टर पन्नास हॉर्सपॉवरचा. दोन ट्रॉल्यांत अठरा टन ऊस. कारखाना चौदा किलोमीटर. जाताना भरलेला, येताना मोकळा, आणि गव्हाणीपुढं नंबर लागेपर्यंत थांबणं धरून खेपेला अकरा लिटर डिझेल. मी मोबाइलवर आकडेमोड केली. लिटरला जेमतेम अडीच किलोमीटर; पर्लवर हा आकडा सांगितला तर लोक सहानुभूती दाखवतील. पण अठरा टन गुणिले चौदा, भागिले अकरा: एका लिटरमध्ये एक टन माल तेवीस किलोमीटर. टेक्सासकराच्या जेट-स्की याच मापानं चार किलोमीटर. 355 घोडे चार, पन्नास घोडे तेवीस. टेक्सासकर मामांकडे बघतच राहिला.

पण तो टेक्सासचा. त्यानं ह्यूस्टनची पिकअप काढली. पाच टन, लिटरला 5.1, म्हणजे पंचवीसच्या वर! मामांपेक्षा दोन जास्त. त्यानं हात वर केले. मी ते मामांना सांगितलं. मामांचा जन्म वजनकाट्यापुढे गेलेला आहे. काटामारी हा प्रकार काय असतो ते ज्यानं पाहिलंय, तो दुसऱ्याच्या आकड्यावर टाळी देत नाही. ते म्हणाले, ‘साहेबास्नी विचार, बारा जातानाचं का येतानाचं?’

मी विचारलं. टेक्सासकरानं समुद्राकडे पाहिलं, मग टोपी काढून पुन्हा घातली. ह्यूस्टनहून उत्तरेला निघालं की दक्षिणेचा वारा पाठीला असतो, हे त्यानं मान्य केलं. आणि परत येताना? ‘दहा,’ तो म्हणाला. दहा मैल म्हणजे लिटरला सव्वाचार, पाच टनांना एकवीस. तेवीसला एकवीस. मामांनी मोकळ्या येण्याचं डिझेलही धरलं होतं, ते त्यांनी आवर्जून पुन्हा सांगायला लावलं.

आता न्यायाची गोष्ट म्हणजे ट्रॅक्टर ताशी सतरा-अठरा किलोमीटरनं जातो. त्या वेगाला वारा विरोध करायचीही तसदी घेत नाही. आम्ही मामांच्या वेगानं पर्लहून सीलाइनला निघालो असतो, तर चार तास लागले असते आणि मागच्या लँड क्रूझरवाल्यांनी आम्हाला रस्त्यावरून उतरवलं असतं. टेक्सासकराला घाईची किंमत मोजावी लागते आणि मामांना घाई करता येत नाही. पण ॲव्हरेजच्या गप्पांत वेग आणि वजन गाळून नुसता किलोमीटरचा आकडा सांगायचा, ही मात्र शुद्ध काटामारी. आणि सगळ्यांत वाईट ॲव्हरेज देते ती मागे काहीच न जोडलेली पिकअप. तीन टनांचं लोखंड कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाहेर पडतं, त्या कोथिंबिरीचं टनाचं ॲव्हरेज मी काढलेलं आहे; ते छापण्यासारखं नाही.

तेव्हा ओझं ओढायला गाडी घेणार असाल, मग ती टेक्सासमध्ये घ्या, दोह्यात घ्या नाहीतर जयसिंगपुरात, विकणाऱ्याला ‘किती देते’ असं विचारू नका. मागे किती टन होते, वेग किती होता, हे विचारा. आणि आकडा येतानाचा मागा.